प्रिलिमनंतरचा महिना

प्रिलिमचे पेपर बोर्डापेक्षा कडक तपासायचे, हा नियम कुठल्या परिपत्रकात नसेल, पण आपल्याकडच्या शाळांनी तो जितक्या निष्ठेनं पाळला तितका दुसरा कुठला पाळलेला मी पाहिला नाही. पायरी गाळली, गुण गेला. एकक विसरलं, गुण गेला. आकृती पेनानं काढली, गेलाच. ‘आत्ता रडलात तर मार्चमध्ये रडणार नाही’ असं म्हणत लाल पेन चालायचं. जानेवारी सरता सरता दहावीच्या वर्गांवर सुतकी कळा यायची आणि घरोघरी एकच वाक्य ऐकू यायचं, ‘प्रिलिमचं एवढं मनावर घ्यायचं नसतं रे.’ म्हणणाऱ्यानं स्वतः ते किती मनावर घेतलंय हे त्याच्या तोंडावर दिसत असे.

आमची प्रिलिम १९८३ सालची. मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलो. ज्यांनी या चाळी आतून पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो : १९२० च्या दशकात सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधलेल्या, तळमजला धरून चार मजल्यांच्या इमारती. मजल्यावर वीस खोल्या, दहा इकडे, दहा तिकडे, मधून लांबलचक बोळ, संडास सामाईक. खोली १६० चौरस फुटांची. तीत आम्ही सात जण. त्यात त्या वर्षी बाबाही दिवसभर घरी, कारण १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप वर्ष उलटलं तरी मिटत नव्हता. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर होते. संपाआधी आमच्या मजल्यावर ज्या घरात गिरणीचा पगार येत नव्हता असं घर शोधावं लागलं असतं.

संपानं घरोघर काय केलं ते पुष्कळांनी लिहून ठेवलंय. दहावीच्या पोरांची जी एक भलतीच पंचाईत झाली ती मात्र कुठे वाचल्याचं आठवत नाही. भोंगा बंद पडला होता. पहाटे अभ्यासाला उठायचं ते गिरणीच्या भोंग्याच्या जिवावर. घड्याळाच्या गजरानं सातही जण उठले असते आणि मार पडला असता. मग आम्ही नाक्यावरच्या आरेच्या दूधकेंद्राकडे कान लावून झोपू लागलो. बाटल्यांचे क्रेट उतरले की त्या काचांच्या आवाजानं जाग यायची. आजही काचेवर काच आपटली की मला बीजगणिताची सूत्रं आठवतात.

गणित तेव्हा दीडशे गुणांचं, पंचाहत्तर बीजगणित आणि पंचाहत्तर भूमिती. प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइल केलेली. स्टेन्सिल जुनं झालेलं असलं की वर्तुळाचा मध्य कोणता आणि शाईचा ठिपका कोणता हे ज्यानं त्यानं आपापल्या श्रद्धेनं ठरवायचं. मी तीन पुरवण्या दोऱ्यानं बांधल्या होत्या, म्हणजे लिहिलं भरपूर होतं. पेपर वाटताना आमचे सर वरच्या गुणांपासून खाली येत, नाव घेत, आकडा मोठ्यानं वाचत. साठाच्या खाली आले, पन्नासाच्या खाली आले, चाळिशी ओलांडली, तरी माझं नाव नाही. त्या पाच-सात मिनिटांत माणूस जे शिकतो ते भूमितीत येत नाही. शेवटी आलं : पंचाहत्तरपैकी बावीस.

शाळेतून मी घरी पोचायच्या आत बावीस घरी पोचले होते. एकाच मजल्यावरची दोन पोरं माझ्या वर्गात, दुसरं काय होणार? बोळात तांदूळ निवडत बसलेल्या शेजारच्या काकूंनी सूप बाजूला न ठेवताच विचारलं, “काय रे, भूमितीत लटकलास म्हणे?” पुढच्या दारातून कोणी म्हणालं, “पोराला आत तर येऊ द्या.” दहा पावलांवरच्या आमच्या खोलीपर्यंत जाताना चार घरांना खुलासा द्यावा लागला. टोकाच्या खोलीत एक नाना राहत, जुन्या अकरावीचे मॅट्रिक. त्यांना अशा प्रसंगी वेगळंच स्फुरण चढे. “तुमचं बरंय रे,” ते म्हणाले, “आमच्या वेळी प्रिलिमला गडगडला तर हेडमास्तर फॉर्मच अडवून धरीत. बोर्डाचं तोंड बघायला मिळायचं नाही.” नव्या दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली, त्याआधी जे काही होतं ते खडतर आणि म्हणून थोर, अशी नानांची मांडणी होती. आता मी स्वतः ‘आमच्या वेळी’ म्हणायच्या वयात आल्यामुळे त्यांच्याविषयी जरा मऊ झालोय.

आई काही बोलली नाही. ती खाणावळीच्या पोळ्या लाटून आलेली असायची, तिच्यात बोलण्याचं त्राण नसे. बाबांनी एकच प्रश्न विचारला, “ऑक्टोबरला परत बसायचं झालं तर फी किती पडते?” रागानं नव्हे, खरंच हिशेबासाठी. त्या प्रश्नाचा जो धसका मी घेतला तो सरांच्या आकड्याचाही घेतला नव्हता. ऑक्टोबर म्हणजे वर्ष बुडालं. आणि त्या वर्षी आमच्या घराकडे बुडवायला जास्तीचं वर्ष नव्हतं.

सावरलो कसा, तर त्यात माझं कर्तृत्व बेताचंच. तिसऱ्या मजल्यावर व्हीजेटीआयला शिकणारा एक जण होता. अख्खी चाळ त्याला ‘इंजिनिअर’ म्हणायची, अजून तो दुसऱ्या वर्षाला असला तरी. त्याला कोणी सांगितलं माहीत नाही, बहुधा सगळ्यांनीच. रात्री जेवणं उरकल्यावर तो खाली आला, माझा पेपर मागितला, चाळला, आणि म्हणाला, “तुला प्रमेयं पाठ आहेत. भूमिती येत नाही.” मग त्यानं खिशातून खडू काढला, सुतळीचं एक टोक माझ्या अंगठ्याखाली दाबून धरायला लावलं आणि बोळाच्या फरशीवर हातभर त्रिज्येचं वर्तुळ काढलं.

पुढचे कितीतरी दिवस आमच्या मजल्याचा बोळ हा फळा होता. वर्तुळाबाहेरचा बिंदू, तिथून दोन स्पर्शिका, स्पर्शबिंदूंना जोडणाऱ्या त्रिज्या. “आता बोल, काय समान दिसतंय?” वही मिटलेली. गाईड मिटलेलं. पाठ केलेली सिद्धता म्हणायला लागलो की तो हात वर करून थांबवायचा. “सिद्धता नको. साध्य काय आहे ते सांग, तिथून मागे ये.” येणारे-जाणारे आमची आकृती ओलांडून जात. कुणाचा पाय स्पर्शिकेवर पडला की ती पुसायची आणि पुन्हा काढावी लागायची, या कारणानं मला स्पर्शिकेचे गुणधर्म इतरांपेक्षा जरा जास्तच पक्के झाले. लहान पोरं चक्रीय चौकोनात लंगडी घालत. एकदा काकूंनी सकाळी बोळ धुताना आदल्या रात्रीची समरूपता वाहून नेली आणि वर इंजिनिअरलाच दटावलं, “रांगोळ्या काढायच्या तर दिवाळीत काढा.”

रात्री उशिरा अभ्यास गल्ली. पोदार रुग्णालयाजवळची ही गल्ली वरळीकरांना वेगळी सांगायला नको. घरात दिवा लावला तर सगळे जागे, म्हणून चाळीतल्या पोरांच्या पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या रस्त्यावरच्या दिव्यांखाली शिकल्या. चटई, नाहीतर रिकामं पोतं, पाठीला भिंत. प्रत्येक खांबाखाली वेगळा विषय. एका दिव्याखाली कायद्याचा अभ्यास करणारे बाप्ये, पुढच्या दिव्याखाली आम्ही दहावीचे. अडलं की उठून शेजारच्या खांबाकडे जायचं. तिथे कुणी कुणाला प्रिलिमचे गुण विचारत नसे, कारण प्रत्येकाला ते माहीतच असत. एकदा सगळ्यांना कळून चुकलं की लपवायचं काही उरत नाही, हा सार्वजनिक बदनामीचा एकमेव फायदा. तो मी पुरेपूर उपभोगला.

क्रिकेटचाही हातभार लागला म्हणायचं. त्याच हिवाळ्यात आपला संघ पाकिस्तानात होता आणि इम्रान खान आपल्या फलंदाजांची प्रिलिम घेत होता. सहा कसोट्या, त्यातल्या तीन हरलो, एकट्या इम्रानचे चाळीस बळी. रेडिओवर ते ऐकत आम्ही एकमेकांना सांगायचो, गावसकरच्या संघाची ही गत तर आपण कोण? जूनमध्ये आमचा निकाल लागला आणि त्याच महिन्यात कपिलच्या संघानं लॉर्ड्सवर विश्वचषक उचलला. ‘तुम्ही पास झालात म्हणून तेही पास झाले’ ही थिअरी नानांची.

इथपर्यंत सगळं छान जमतं. चाळ, खडू, इंजिनिअर, दिव्याखालची पोरं. स्मरणरंजनाला याहून जास्त काय लागतं? पण माझ्या बाकावर माझ्या शेजारी जो बसायचा त्याला भूमितीत माझ्यापेक्षा चार गुण जास्त होते, आणि तो प्रिलिमनंतर शाळेत आलाच नाही. हॉल तिकीट न्यायलाही नाही. त्याचे वडील संप लांबल्यावर भिवंडीला यंत्रमागावर लागले होते, ते त्याला घेऊन गेले. प्रिलिमच्या निकालानं त्याच्या घरचा निर्णय सोपा केला इतकंच. अशी पोरं त्या वर्षी गिरणगावातल्या कुठल्या वर्गात नव्हती? त्यांच्या मजल्यावरही खडू होता, बोळ होता. इंजिनिअर नव्हता, किंवा होता पण घरात पीठ नव्हतं. ‘आम्ही कसे सावरलो’ हे सांगायला आज जे हजर आहेत ते सावरलेलेच आहेत. जुन्या मित्रांच्या स्नेहमेळाव्यात ‘आपल्या वेळी कुणी डिप्रेशनमध्ये जायचं नाही’ असं कुणी छातीठोकपणे म्हणालं की मला तो शेजारी आठवतो आणि मी पुढची भजी उचलतो.

आता आत्ताचं.

आमची चाळ आता पडली. म्हाडानं पुनर्विकास हाती घेतला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फूट. त्यात माझा धाकटा भाऊ आहे; जुनी खोली त्यानंच सांभाळली होती. त्याची मुलगी, माझी पुतणी, यंदा दहावीला. तिला अभ्यासाला स्वतंत्र खोली आहे, दार आहे, दाराला कडी आहे. आमच्या सात जणांत मिळून एक कडी होती, ती मुख्य दाराची.

तिच्या शाळेनं पहिली प्रिलिम डिसेंबरात घेतली. दुसरी जानेवारीत. शिवाय क्लासच्या दर रविवारच्या टेस्ट, त्याच्या आत प्रकरणवार छोट्या टेस्ट. भूमितीत दुसऱ्या प्रिलिमला तिला चाळीसपैकी सतरा मिळाले. गणिताचा पेपर आता बीजगणित चाळीस, भूमिती चाळीस आणि अंतर्गत वीस असा आहे. आकडा कुणी मोठ्यानं वाचला नाही. संध्याकाळी शाळेच्या अ‍ॅपवर आला, एकाच वेळी तिच्या फोनवर आणि तिच्या आईबापाच्या फोनवर. शेजारी कुणाला कळलं नाही. कळण्याचा प्रश्नच नाही, मजल्यावरची सगळी दारं बंद असतात आणि लिफ्टमध्ये माणसं वरच्या आकड्यांकडे बघत उभी असतात. ज्या काकूंनी मला बोळात अडवलं त्यांची सूनही याच टॉवरमध्ये आहे. तिला माझ्या पुतणीची इयत्ता माहीत नाही.

मी रविवारी गेलो तर भाऊ सोफ्यावर कॅल्क्युलेटर घेऊन बसला होता. सहा विषयांतले उत्तम पाच धरायचे, म्हणजे गणित वगळलं तर टक्के किती, न वगळलं तर किती, कुठल्या कॉलेजची यादी कुठे थांबते. “बेस्ट ऑफ फाइव्ह आहे म्हणून वाचतोय, दादा,” तो म्हणाला. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी वर्गाची सरासरी टाकली होती. क्लासनं तिला पाठवलेल्या अहवालात तीन रंगांचा आलेख, क्रमांक, मागच्या टेस्टपेक्षा किती घसरण, सगळं होतं.

पोरगी रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी विचारलं, “काय गं, भूमितीचं काय झालं?” तर म्हणाली, “काका, ते झालं. आज दुपारी सायन्सची टेस्ट आहे, बुधवारी परत मॅथ्स टू.” बोलण्यात ना राग, ना दुःख, रोज लोकल चुकणाऱ्या माणसाचा सूर.

मला तिची उत्तरपत्रिका बघायची होती. तिनं फोनवर उघडून दिली, प्रत्येक पान स्कॅन केलेलं, शिक्षकांचे शेरे दिसत होते. इथे मी आजच्या काळाला मनापासून हात जोडतो. आम्ही दोघं टेबलाशी बसलो आणि गेलेले तेवीस गुण कुठे कुठे गेले ते एका कागदावर मांडलं. प्रमेयाच्या सिद्धतेत विधानं बरोबर पण कारणं लिहिली नाहीत, पाच. भौमितिक रचनेत कच्ची आकृती काढली नाही आणि कंस पुसून टाकले, चार. वेळ संपला म्हणून महत्त्वमापनाची दोन उदाहरणं कोरी, सहा. उरलेले आठ समरूपतेचे, आणि तिथे मात्र तिला खरंच कळलेलं नव्हतं. म्हणजे सात प्रकरणांपैकी शिकायचं होतं एक. बाकीच्या पंधरा गुणांना शिकवणीची नाही, लिहिण्याच्या सवयीची गरज होती. हा कागद बघेपर्यंत तिच्या डोक्यात ‘भूमिती येत नाही’ एवढंच होतं. आमच्या वेळी असा कागद कुणी केला नाही. प्रिलिम बिघडली की आम्ही पहिल्या प्रकरणापासून पुन्हा सुरुवात करायचो आणि जे आधीच येत होतं ते घोटून घोटून गुळगुळीत करायचो.

तिच्याकडे साधनंही अशी आहेत की इंजिनिअरला हेवा वाटावा. यूट्यूबवर समरूपता समजावणारे मास्तर रांगेनं उभे आहेत, हवं तिथे थांबवता येतात. उदाहरणाचा फोटो काढला की फोन पायऱ्यांसकट सोडवून दाखवतो. अडचण एवढीच की सोडवलेलं उदाहरण वाचलं की ते आपल्याला येतंय असं वाटतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी यावर एक साधा प्रयोग केला होता. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून, पुस्तक मिटून, आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे. आठवड्यानं विचारलं तर लिहून काढणारे पुढे, आणि चांगले पुढे. म्हणजे स्वतःची परीक्षा घेणं हाच अभ्यास. हे वाचलं तेव्हा मला मिटलेली वही आणि इंजिनिअरचा वर केलेला हात आठवला. त्यानं तो लेख वाचायचा प्रश्नच नव्हता, लेख तेवीस वर्षं पुढे होता.

मग याच न्यायानं दर रविवारच्या टेस्ट चांगल्याच की! भावाचं म्हणणं तेच आहे, आणि अर्धं बरोबर आहे. पण लिहून काढलेलं तपासायला, चुकलेलं नीट करायला आणि मग पुन्हा लिहून बघायला मधे काही दिवस लागतात. आम्हाला ते मिळाले, ते कुणाच्या शहाणपणामुळे नव्हे. शाळेकडे दुसरी प्रिलिम घ्यायला कागद नव्हता, शिक्षकांना वेळ नव्हता, क्लासची फी भरायची आमची ऐपत नव्हती. प्रिलिम झाली, निरोप समारंभात समोसा मिळाला, आणि मार्चपर्यंत आम्हाला कुणी काही विचारलं नाही. एकदाच पडलो आणि उठायला सवड मिळाली. पुतणी आठवड्यातून दोनदा पडते. सतराचं दुःख करावं तर बुधवार येतो, बुधवारची चूक दुरुस्त करावी तर रविवार. त्यामुळे ती पडण्याला सरावली आहे आणि भूमिती तिथेच आहे. लोक याला हल्ली मुलं ‘कणखर’ झाली म्हणतात. मला ते तसं वाटत नाही.

बाकी भीती ओसरण्यासारखं पुष्कळ काही आज आहे. ऑक्टोबरची वारी गेली. २०१५ पासून फेरपरीक्षा जुलैत होऊ लागली आणि वर्ष वाचू लागलं. परीक्षेच्या दिवसांत बोर्ड समुपदेशकांचे फोन नंबर जाहीर करतं. बाबांनी आज विचारला असता तर त्या प्रश्नाला इतकी धार आली नसती. अभ्यास गल्लीतही महापालिकेनं आता बसायची व्यवस्था आणि चांगले दिवे केलेत. पोरं अजून येतात. मी पुतणीला एकदा घेऊन गेलो. तिला जागा आवडली, डास आवडले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र मैत्रिणीला घेऊन गेली, तो कागद दोघींनी मिळून पुढे नेला आणि मैत्रिणीचाही तसाच एक तयार झाला. समरूपता मी शिकवायला गेलो तर मी म्हणणार समरूप त्रिकोण, तिचं सगळं सेमी इंग्रजीत, त्यामुळे प्रत्येक वाक्याला दोघांनाही थांबावं लागे. मैत्रीण माझ्याहून बरी शिकवते असा निष्कर्ष निघाला.

आणि मग शाळेनं तिसरी प्रिलिम जाहीर केली. ऐच्छिक, पण सगळे देणारच अशा आवाजातली ऐच्छिक. बोर्डाची परीक्षा आता मार्चची वाट बघत नाही, फेब्रुवारीतच सुरू होते. तिसरी प्रिलिम दिली तर सहा दिवस त्यात जातात, निकाल हातात येईतो बोर्डाचं हॉल तिकीट हातात आलेलं असतं.

पुतणी म्हणाली, “मी नाही देत.” भावाच्या हातून चहाचा कप सुटायचा बाकी होता. त्याचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. “दादा, २०२० ला लॉकडाऊनमुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला. २०२१ ला तर परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण धरले, शाळेतल्या परीक्षांचे धरले. उद्या तसंच काही झालं तर? तिसरी प्रिलिमच हाताशी असेल.” त्या वर्षी राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला होता हे मी त्याला सांगितलं. म्हणजे तसं झालंच तर काळजीचं कारण उरणार नाही. तो म्हणाला, “पासचं नाही रे, टक्क्यांचं बोलतोय.”

पोरीनं फ्रिजवर सहा दिवसांचा कागद लावला. तीन दिवस समरूपता, एक दिवस कारणांसकट प्रमेयं, एक दिवस महत्त्वमापन घड्याळ लावून. सहावा दिवस कोरा होता. भावानं बोट ठेवून विचारलं, “आणि हे काय?” ती म्हणाली, “झोपणार आहे.”

मी तिची बाजू घेतली. दोघं भाऊ एका घरात वाढलो, एका बोळात शिकलो, तरी त्या सहाव्या दिवसावरून आमचं अर्धा तास वाजलं. त्याची बायको मधे पडली नसती तर जेवण राहिलं असतं. शाळेला ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ अशी चिठ्ठी तिनंच लिहून दिली. भाऊ माझ्याशी जेमतेम बोलतो. बोर्डाचा निकाल मे महिन्यात लागेल, तेव्हा माझं काय ते बघून घेणार आहे म्हणे.